तेगी

वीतभर लोखंड. एका टोकाला घारीची चोच,
दुसऱ्या टोकाला बाटलीचं बूच धरणारा जबडा,
पोटात दुमडलेला एक पीळदार स्क्रू
जो आमच्या घरात कधीच दारूच्या बाटलीला लागला नाही.
मोरीच्या पायपात अडकलेला चिंध्यांचा बोळा मात्र
दोनदा ओढून काढलाय त्यानं.

बाबांनी ती आणली काळ्या ट्रंकेतून.
हवालदार सातेरी मुतगेकर, स्वयंपाकी.
एवढ्या नोकरीत गोळी एक झाडली नाही, म्हणायचे,
डबे मात्र फोडले असतील लाखभर.
वर, जिथं श्वास मोजून घ्यावा लागतो तिथं,
वाटाणे, मासळी, अननसाच्या चकत्या
पत्र्याच्या आत दगड होऊन बसलेल्या.
पोरं ताटल्या वाजवायची
आणि बाबा आधी हिला काखेत धरून ऊब द्यायचे,
नाहीतर बोटांची साल तिलाच चिकटून यायची.

मेसमध्ये तिला ओपनर म्हणत.
ते नाव ट्रंकेबरोबर माळ्यावर गेलं.
भिंतीपलीकडची निंगव्वा रविवारी यायची
डालड्याचा डबा कडेवर घेऊन, लेकरू घ्यावं तसा,
"डब्बी तेगी की, यव्वा."
मी सहा वर्षांची. मला वाटलं, तेगी हेच हिचं नाव.

चौथीत निबंध लिहिला, 'आमच्या घरची तेगी'.
कणबरकर बाईंनी तांबड्या पेनानं गोल केला,
समासात लिहिलं, हा शब्द आपला नाही.
घरी येऊन रडले.
बाबा कांदा चिरत होते, वर न बघता म्हणाले,
"तेग म्हणजे तलवार. ही तिची पोरगी, तेगी.
सांग जा तुझ्या बाईंना."
सांगितलं. बाईंनी दोन गुण वाढवले.

मग कधीतरी कचेरीत, उताऱ्यासाठी रांगेत,
खिडकीतला माणूस म्हणाला, "फाइल तेगीरी,"
आणि माझा हात पिशवीत गेला
तिला शोधायला.
तेव्हा कळलं.
बावीस वर्षं मी एका क्रियापदाला
राख लावून घासत होते.

आता दुकान आहे. कॅम्पात, कोपऱ्यावर.
सोडा, लिंबू, थंडा, पाव, खारी.
ती काऊंटरला सुतळीनं बांधलेली असते
कारण गिऱ्हाईक बूच उडवतं आणि हिला खिशात घालतं,
चुकून, म्हणतं.
पाटी रंगवायची नोटीस आली तेव्हा
ईराप्पा पेंटर दोन डबे घेऊन आला, झाकणं गच्च बसलेली.
हिनंच उचकटली दोन्ही.
वर मोठी अक्षरं, खाली लहान,
कुठली वर नि कुठली खाली हे इथं सांगायला नको.
रंग एकाच डब्यातला, पिवळा.
तो अजून आहे हिच्या चोचीला,
नखाच्या मुळाशी हळद राहते तसा.

बाबा गेले त्या वर्षी पावडरचे डबे असायचे घरात,
डॉक्टरांनी लिहून दिलेले, महाग.
त्यांना चमचा धरवत नव्हता.
मी कापायला लागले की खाटेवरून आवाज,
"पुरता कापू नको गं.
बोटभर पत्रा जोडलेला ठेव.
सुटलं झाकण की आत बुडतं,
आणि काढताना हात चिरतो."
हे ते रोज सांगायचे.
रोज मी ऐकल्यासारखं करायचे आणि पुरता कापायचे.
हा डाव्या अंगठ्यावरचा व्रण त्यातला.

काल सुतळी मोकळी लोंबत होती.
दुकानात दोन फौजी पोरं,
नवीन कातरलेली डोकी, हातात बंद बाटल्या.
दाराच्या कडेवर आपटून बघत होती, बूच हलेना.
मला ठाऊक, कुठं असेल ती.
मागच्या दारी गेले, भिंतीवरून हाक मारली,
"निंगव्वा, तेगी!"

तिनं दार उघडलं.
रिकाम्या हातानं उभी राहिली उंबऱ्यात,
म्हातारी, पदराला पीठ पुसत,
"तेगदीनी. एनु?"